हरवलेल्या एका फोटोवर अख्खं नाटक उभं करणारे गोविंद बल्लाळ देवल कोण होते?

भर दुपारची वेळ. रस्त्यात एका तरुणीला उन्हाने भोवळ येते. जवळून जाणारा एक प्रौढ, पैसेवाला गृहस्थ तिला सावरतो. नेमकी त्याच क्षणी त्याची बायको घराच्या खिडकीतून खाली डोकावते. तिला दिसतं ते एवढंच, की आपला नवरा भररस्त्यात एका देखण्या मुलीला धरून उभा आहे. ती तणतणत खाली येते, तोवर दोघंही तिथून गेलेले. रस्त्यात पडलेला असतो एका तरुणाचा फोटो. मुलीच्या हातून पडलेला. बायको तो उचलते आणि न्याहाळत उभी राहते. एवढ्यात नवरा परत येतो. त्याला दिसतं ते एवढंच, की आपली बायको एका परक्या देखण्या पुरुषाचा फोटो टक लावून बघतेय.

झालं. इथून पुढे तीन तास कुणीच कुणाला सरळ काही विचारत नाही आणि प्रेक्षक हसून हसून बेजार होतात.

नाटकाचं नाव ‘संगीत संशयकल्लोळ’. तो नवरा म्हणजे फाल्गुनराव, बायको कृत्तिका, भोवळ आलेली मुलगी रेवती आणि फोटोतला तरुण अश्विनशेठ. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या आणि अश्विनशेठचा मित्र वैशाखशेठ. नावं नीट बघा. पुरुष सगळे मराठी महिने आणि बायका सगळ्या नक्षत्रं. रोहिणी आणि मघाही त्यात आहेत. ही गंमत ज्या माणसाला सुचली ते गोविंद बल्लाळ देवल.

इंग्रजी वाचणाऱ्या जगात लग्नाच्या बाजाराची गोड थट्टा म्हटलं की जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही १८१३ची कादंबरी पुढे येते. दोनशे वर्षं झाली, तिच्यावर सिनेमे आणि मालिका निघतच आहेत. आपल्या दूरदर्शनवरही १९८५ मध्ये तिच्यावर बेतलेली ‘तृष्णा’ नावाची हिंदी मालिका आली होती. एकमेकांना आवडणारी दोन माणसं, मध्ये गैरसमज, भोवती पैशाचा हिशोब करणारे नातेवाईक आणि शेवटी लग्न, असा हा मामला. मराठीत हा मामला कादंबरीपेक्षा रंगभूमीवर जास्त रंगला आणि तो रंगवणाऱ्यांत देवलांचं नाव फार वरचं आहे. पण देवलांची गोष्ट नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. का, ते पुढे कळेल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५चा, सांगलीजवळच्या हरिपूरचा. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात ते हे गाव. त्याच सांगलीत त्याआधी १२ वर्षं, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला होता. देवलांचं शिक्षण झालं बेळगावला, काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरीही केली. बेळगावातच त्यांना गुरू मिळाले, अण्णासाहेब किर्लोस्कर.

किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटक नावाचं वेड महाराष्ट्राला लागलं. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. देवल या कंपनीत काम करत करत शिकले. नाटक लिहायचं कसं हे तर शिकलेच, पण नटाकडून ते काढून कसं घ्यायचं, हे जास्त शिकले. १८८५ मध्ये किर्लोस्कर अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. देवल तेव्हा तिशीत पोहोचत होते.

पुढच्या काळात त्यांची ओळख दोन प्रकारे झाली. एक म्हणजे तालीम मास्तर. आजच्या भाषेत दिग्दर्शक म्हणा, पण त्यात वाक्य कुठे तोडायचं, मान किती वळवायची, रडताना शब्द गिळायचा की नाही, इथपर्यंत सगळं आलं. गणपतराव जोशींसारख्या ताकदीच्या नटाला त्यांनी घडवलं. आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायण राजहंस नावाचा कोवळा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला तेव्हा त्याची तालीमही देवलांनी घेतली. हा मुलगा म्हणजे बालगंधर्व. (खान्देशातल्या वाचकांसाठी: हे नारायणराव लहानपणी काही काळ जळगावला होते आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी तिथेच मेहबूबखाँकडे घेतले.)

दुसरी ओळख लेखकाची. देवलांच्या नावावर सात नाटकं आहेत आणि त्यातली सहा स्वतंत्र नाहीत. ‘दुर्गा’ आणि ‘झुंझारराव’ इंग्रजीवरून, ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृत नाटकांवरून, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. ‘संशयकल्लोळ’सुद्धा उसनंच. मोलिएर या फ्रेंच नाटककाराने १६६० मध्ये एक छोटं प्रहसन लिहिलं, आर्थर मर्फीने त्यावरून १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं आणि देवलांनी मर्फीवरून मराठी. पूर्णपणे स्वतःचं असं एकच, ‘शारदा’.

आता कुणी म्हणेल, मग हा माणूस थोर कसला, हा तर रिमेकवाला. पण देवलांचं डोकं कुठे चाललं ते या रूपांतरांतच बघायला मिळतं.

१८९० मधलं ‘झुंझारराव’ म्हणजे शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’. एक रुमाल भलत्याच्या हाती सापडतो, नवऱ्याच्या मनात संशय पेरला जातो आणि तो निरपराध बायकोचा जीव घेतो. गणपतराव जोशींचा झुंझारराव त्या काळात प्रचंड गाजला. मग तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ नावाचं गद्य नाटक लिहिलं. संशयकल्लोळचा हा पहिला अवतार. रुमालाच्या जागी तसबीर आली. वस्तू भलत्याच्या हाती सापडते, संशय पेटतो, नवरा बायकोवर पाळत ठेवतो. आजार तोच. फक्त इथे कुणी मरत नाही.

का मरत नाही? माझ्या मते कारण कृत्तिका आहे. ‘ऑथेल्लो’त संशय घ्यायचा हक्क एकट्या नवऱ्याला आहे. बायकोने फक्त आपण निर्दोष आहोत हे सांगत राहायचं आणि तेही कुणी ऐकत नाही. फाल्गुनरावाच्या घरात मात्र बायको नवऱ्याइतकीच संशयी, नवऱ्याइतकीच तिखट. तो तिच्यावर पाळत ठेवतो तर ती त्याच्यावर. तो एक आरोप करतो तर ती दुसरा. सत्ता दोन्हीकडे सारखी वाटली गेली की संशयाचं हसं होतं, एकाच हातात राहिली की खून होतो. देवलांनी हे कुठे भाषण ठोकून सांगितलेलं नाही. पण एकच माणूस तीन वर्षांत ही दोन्ही नाटकं लिहितो, हा मला योगायोग वाटत नाही.

बातम्यांच्या धंद्यात एक शब्दप्रयोग फार वेळा टाइप करावा लागतो, ‘चारित्र्याच्या संशयावरून’. पहिला शब्द लिहिला की पुढचा मोबाइलच सुचवतो. त्यापुढे काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या बातम्यांमध्ये संशय घेणारा जवळपास कायम एकच असतो. झुंझारराव अजून जिवंत आहे, म्हणून फाल्गुनराव बघताना हसू येतं आणि मधेच थोडं थांबतंही.

दुसरी गोष्ट रेवतीची. मर्फीच्या नाटकात ही नायिका लंडनमधल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाची मुलगी आहे. देवलांनी तिला कलावंतिणीच्या घरात जन्माला घातलं. हा बदल चवीसाठी केलेला नाही, त्यात त्या काळाचं गणित आहे. १८९३च्या महाराष्ट्रात पांढरपेशा घरातली मुलगी प्रेमाबिमाचं वय होण्याच्या खूप आधी बोहल्यावर चढलेली असायची. डॉ. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, आणि नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्यांनी मुंबईच्या कोर्टात लढा दिला, त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ केली, तर केवढा गदारोळ झाला. ‘फाल्गुनराव’ आलं त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि समाजाने त्यांना वाळीत टाकलं.

अशा समाजात स्वतःच्या मनाने प्रेम करणारी, प्रियकराशी रुसणारी, त्याला चार शब्द सुनावणारी तरुण कुमारिका आणायची कुठून? घरंदाज घरात ती शिल्लकच नव्हती. म्हणून रेवती कलावंतिणीची मुलगी. आणि तिच्यावरचा अश्विनशेठचा संशय फक्त एका फोटोपुरता राहत नाही. अशा घरातली मुलगी एकनिष्ठ राहील का, हा सगळ्या समाजाचा प्रश्न त्याच्या डोक्यात बसलेला आहे. ती मात्र त्याच्याशी लग्न करून संसार मागते. शेवटी संशय खोटा ठरतो तेव्हा फाल्गुनरावाचं फक्त हसं होतं, पण अश्विनशेठची खरी परीक्षा झालेली असते. जेन ऑस्टिनच्या डार्सीला घराण्याचा ताठा गिळावा लागतो, तसाच काहीसा मामला.

आता ‘शारदा’. १८९९च्या जानेवारीत किर्लोस्कर मंडळीने तिचा पहिला प्रयोग केला तो इंदूरला. (सहज आठवलं: मनमाड ते इंदूर हा ३०९ किलोमीटरचा जो नवा रेल्वेमार्ग २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केला, तो धुळ्यावरून आमच्या नरडाण्यातून पुढे शिरपूरकडे जाणार आहे. शारदेच्या गावाला थेट गाडी मिळायला सव्वाशे वर्षं लागली असं म्हणायचं.)

गोष्ट सरळ आहे. भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढायची हौस आली आहे. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडून खिसे भरतोय. कांचनभट नावाला जागून पैशाच्या बदल्यात आपली मुलगी शारदा त्या म्हाताऱ्याला द्यायला तयार आहे. तिची आई इंदिराकाकू विरोध करते, पण घरात तिचं ऐकतो कोण? आणि हे सगळं चाललेलं असताना नाटक प्रेक्षकांना हसवतंय. म्हाताऱ्याचा नवरदेव होण्याचा उत्साह, केस काळे करण्याची धडपड, दीक्षिताची तोंडपुजी. हसता हसता मधेच शारदा समोर येते आणि घशात काहीतरी अडकतं. तिची पदं इतक्या साध्या, घरगुती भाषेत आहेत की बायकांनी ती जात्यावर म्हणावीत. तेव्हा स्त्रियांची कामं पुरुषच करत. म्हणजे मिसरूड न फुटलेला एखादा मुलगा लुगडं नेसून उभा राहायचा आणि आपल्याला विकू नका म्हणून बापाला विनवायचा. समोर बसलेल्यांत कितीतरी बाप असतील.

लग्न मोडतं कसं, ही त्या नाटकातली सगळ्यात बोचरी जागा. मुलगी नको म्हणते म्हणून मोडत नाही. आई रडते म्हणूनही नाही. वर आणि वधू सगोत्र निघतात म्हणून मोडतं. शास्त्राने शास्त्राला अडवलं, मुलीचा नकार कुणाच्या खिजगणतीतही नाही. उलट आता अर्धवट लग्न लागलेल्या मुलीला कोण पत्करणार म्हणून शारदा जीव द्यायला नदीवर जाते. तिथे कोदंड तिला वाचवतो. या लग्नाविरुद्ध पहिल्यापासून लढणारा हा तरुण तिच्याशी लग्न करतो, पण त्यालाही धर्मपीठाची संमती लागते. काहींना हा शेवट गुळगुळीत वाटतो. मला वाटतं देवलांना आपला प्रेक्षक नीट माहीत होता. कोदंडाने शास्त्राला लाथ मारली असती तर प्रेक्षक उठून गेले असते आणि पुढच्या गावात मुक्कामच पडला नसता.

इथे एक लोकप्रिय गैरसमजही दूर करून टाकू. ‘या नाटकामुळे शारदा कायदा आला’ असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा कायदा’ म्हणून ओळखला जातो तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून, विधेयक त्यांनी मांडलं म्हणून. त्यात लग्नाचं किमान वय मुलींसाठी १४ आणि मुलांसाठी १८ ठरवलं गेलं. सारडा आणि शारदा ही नावं मराठी कानाला इतकी सारखी वाटली की लोकांनी कायद्याला परस्पर देवलांच्या नायिकेचं नाव देऊन टाकलं. चूक आहे, पण काय सुंदर चूक आहे! तीस वर्षांनीही लोकांच्या डोक्यात बालविवाह म्हटलं की एका नाटकातली मुलगी येत होती.

आणि ही मुलगी आज जुनी झाली का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या तरुणींना विचारलं गेलं. महाराष्ट्रात त्यातल्या सुमारे २२ टक्के मुलींचं लग्न १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालेलं होतं. आमच्या धुळे जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास निघालं. आजच्या कांचनभटाला पैसेच हवे असतात असं नाही. ऊसतोडीला जाताना पोरीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, शाळा दूर आहे, गावात नाव खराब होईल, अशी कारणं असतात. पण मुलीला विचारायचं राहून जातं ते तसंच.

फोटोचंही तेच. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं आणि महामार्गालगतचं गाव. इथल्या किंवा कुठल्याही गावातल्या लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघा. मुलीचा फोटो आणि बायोडाटा एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, तिथून काकांच्या साडूकडे, तिथून कुणा अनोळखी माणसाकडे. तो कुणी कुणाला पाठवला, त्याच्याकडे कसा पोहोचला, यावरून ठरलेली सुपारी मोडते. रात्री बाराला ऑनलाइन होती, मेसेज बघून उत्तर दिलं नाही, कुणाच्या तरी स्टोरीत मागे उभी दिसली. अश्विनशेठला स्वतःची तसबीर फाल्गुनरावाच्या हातात दिसते तेव्हा त्याच्या डोक्यात जे गोंधळ सुरू होतात, ते समजायला आजच्या पोराला कसलंही शब्दार्थाचं पुस्तक लागत नाही.

देवलांनी आयुष्याच्या अखेरीस ‘फाल्गुनराव’ पुन्हा हातात घेतलं, त्यात पदं घातली आणि त्याचं ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. ते करणार होती गंधर्व नाटक मंडळी. बालगंधर्व आणि गणपतराव बोडस ही देवलांच्या हाताखालून गेलेली माणसं १९१३ मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडली होती आणि त्यांनी गोविंदराव टेंब्यांसह ही नवी कंपनी काढली होती. १४ जून १९१६ला देवल गेले. नाटक रंगभूमीवर आलं ते त्याच वर्षी, पण त्यांच्या मागे. बालगंधर्व रेवती झाले, बोडस फाल्गुनराव. बोडसांचा फाल्गुनराव असा जमला की पुढच्या प्रत्येक फाल्गुनरावाची तुलना त्यांच्याशी होत राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तालमी घेणाऱ्या माणसाला स्वतःच्या सगळ्यात हसऱ्या नाटकाला मिळालेली दाद ऐकायला मिळाली नाही.

१४ जून हा दिवस अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद देवलांच्या नावाने पाळते, त्या दिवशी रंगकर्मींना पुरस्कार दिले जातात. नाटकही थांबलेलं नाही. एकविसाव्या शतकात राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी ‘संशयकल्लोळ’ नव्याने उभं केलं, तेव्हा संगीत नाटक कधी न बघितलेली तरुण मंडळीही तिकीट काढून गेली.

देवलांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यामुळे त्यांच्या नाटकांवर आता कुणाचाही कॉपीराइट नाही. म्हणजे तुमच्या गावातल्या गणेश मंडळाने यंदा ‘संशयकल्लोळ’ करायचं ठरवलं तर लेखकाच्या परवानगीचा आणि मानधनाचा प्रश्न नाही. गाणारी माणसं मिळाली नाहीत तर पदं बाजूला ठेवून १८९३चं गद्य रूप करता येतं, ते मुळात तसंच होतं. फाल्गुनराव गावात सहज मिळेल. कृत्तिकेचं काम मात्र चांगल्या नटीला द्या, नाटक तिच्यावर उभं आहे.